ताई, त्या संध्याकाळी तुम्ही ‘थांब’ म्हणालात म्हणून

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता. तीनदा प्रयत्न करून झाला. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितोय. इथे तरी तुम्हाला मध्येच ‘बरं, तो फॅन अजून आवाज करतोय का?’ असं विचारता येणार नाही.

(नाही करत. त्याचं पुढे सांगतो.)

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे सल्ला मागायला आलोच नव्हतो, शाबासकी घ्यायला आलो होतो. मोबाइलवर गेमसाठी आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग) निवडून ठेवलं होतं, शेवटचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. तुमच्या तोंडून ‘छान निवडलंस’ एवढं ऐकलं की काम झालं, असा हिशेब. तुम्ही कार्डाकडे नीट पाहिलंही नाही. विचारलंत, “तुझ्या मशीनमधला एसएमपीएस किती वॅटचा आहे?” (एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.) मी म्हणालो, माहीत नाही, पण कॉम्प्युटर कंपनीचा आहे, तयार घेतलेला, म्हणजे चांगलाच असणार. त्यावर तुम्ही जे हसलात ते मला अजून आठवतं. मग म्हणालात, “थांब. आधी झाकण उघडू.”

चार वर्षांत ते झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं. वॉरंटी जाईल ही भीती. ती कधीचीच संपली होती, हेसुद्धा बिलावरची तारीख बघून तुम्हीच सांगितलंत. प्लग काढायला लावलात, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायला लावलंत, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला लावलात, आणि मग पेचकस माझ्या हातात दिलात. तुम्ही स्वतः खुर्चीवर बसून राहिलात. तेव्हा मला ते थोडं विचित्र वाटलं होतं. आज मी ते मशीन डोळे मिटून उघडू शकतो, त्याचं कारण ती खुर्ची आहे.

एसएमपीएसच्या अंगावर लेबल होतं: २६० वॅट. मदरबोर्डकडे जाणारी वायर नेहमीची २४ पिनांची नव्हती, कंपनीच्या स्वतःच्या मापाची, लहान होती. म्हणजे बाजारातला मोठा एसएमपीएस आणून सरळ बसवायची सोय नाही. ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी सहा किंवा आठ पिनांची वायर तर मुळात नव्हतीच. आणि मी आणायला निघालो होतो १७० वॅटचं कार्ड, ज्याच्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला असतो.

मी कंपनीला शिव्या घालायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही मला अडवलंत, हे मुद्दाम नोंदवतो. “त्यांनी फसवलेलं नाही,” म्हणालात, “आत ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, एक हार्डडिस्क आहे, बस. त्याला २६० भरपूर झाले. गेमिंगचं भूत नंतर तुझ्या डोक्यात शिरलं.” बरोबरच होतं. पण मी हार मानणारा नव्हतो. सॅटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून आठ पिनांचं तोंड करून देणारी जोडवायर मिळते, ती वापरू म्हणालो. तुम्ही कागद ओढलात. सॅटाच्या कनेक्टरमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. साडेचार गुणिले बारा, ५४ वॅट. आठ पिनांच्या वायरीतून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. “चोपन्नच्या वायरीतून तू दीडशे ओढणार. वायर तापेल, प्लास्टिक वितळेल, वास येईल. आणि तू तेव्हा हेडफोन लावून बसलेला असशील.”

तो कागद मी ठेवला आहे. त्याच कागदावर खाली तुम्ही ‘७५’ लिहून त्याभोवती गोल केलात. मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त तेवढे वॅट मिळतात. त्यात जे बसेल तेच माझं. त्या आकड्याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता.

त्याहून जास्त राग आला तो पुढच्या अटीचा. कार्डाचं नाव आठवडाभर काढायचं नाही, आधी मोजायचं. मी म्हणालो, मोजायचं काय त्यात, गेम अडकतो हे दिसतंय की. तुम्ही म्हणालात, अडकतो हे तुला दिसतंय, कशामुळे अडकतो हे कुठे दिसतंय? मग वही. रोज तोच गेम, तोच रस्ता, तेच सेटिंग, आणि दोन आकडे: सेकंदाला सरासरी फ्रेम (पडद्यावर येणारी चित्रं) किती आणि सगळ्यात खाली किती गेल्या. दुसरा आकडा कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद रेंगाळली तर सरासरीच्या आकड्याला ढिम्म फरक पडत नाही, हाताला मात्र तो गचका जाणवतो. मी इतके दिवस ज्याला ‘लॅग’ म्हणत होतो ते बहुतेक वेळा हेच होतं.

वहीत पहिल्या दिवशीचे आकडे आहेत: सरासरी २४, तळ ९. आणि टास्क मॅनेजरमध्ये, गेम सुरू होण्याआधीच, आठातली पाच जीबी रॅम भरलेली. दोन स्लॉटपैकी एकच वापरात. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगत होतं आणि ती रॅम एकाच वाटेने येत होती. डीडीआर४ प्रकारच्या रॅमची २६६६ वेगाची एक कांडी सेकंदाला साधारण २१ जीबी ये-जा करू देते. तशीच दुसरी जोडली की दुप्पट. मी हौसेने ३२०० ची घेणार होतो. तुम्ही आठवण करून दिलीत की माझा आय५-१०४०० प्रोसेसर अधिकृतपणे २६६६ वरच चालतो आणि कंपनीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) वेग वाढवायला जागाच ठेवलेली नाही. जास्तीचा वेग नुसता लेबलावर राहिला असता.

दुसरी कांडी बसवायला मला चार मिनिटं लागली. वहीत पुढची नोंद: सरासरी ३३, तळ २२. सरासरी वाढली याचा आनंद झालाच, पण त्या तळाच्या आकड्याने मी रात्री तुम्हाला मेसेज केला होता. तुमचं उत्तर होतं, ‘हं.’

मग एकदाचं कार्ड. ७५ वॅटच्या आत, बाहेरची वायर न लागणारं. पहिली पसंती मी आरएक्स ६४०० ला दिली होती, कारण ते ५३ वॅटमध्ये भागवतं आणि आकारानेही छोटं असतं. पण ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे त्याच लांब स्लॉटच्या, चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. नव्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते खपून जातं. माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे त्या चार लेनचा वेग निम्मा. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की सगळा भार त्या अरुंद वाटेवर. हे कुठल्या डब्यावर ठळक लिहिलेलं नसतं, आणि माझ्या डोक्यात तर ते कधीच आलं नसतं.

आरटीएक्स ३०५० ठरलं, तिथेही मी पडणारच होतो. या एकाच नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, १३० वॅटचं, त्याला वेगळी वायर लागते. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, ७० वॅटचं, ते सहसा नुसत्या स्लॉटवर चालतं. मला अर्थातच ८ हा आकडा ६ पेक्षा मोठा दिसला. तुम्ही तेव्हा फोनवर होतात. “कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो बघ. पिना लावायची जागा दिसते का?” दिसत होती. “मग ते नको.” एवढंच. वीस सेकंदांचं बोलणं.

शिवाय पट्टी घेऊन मोजायला लावलंत ते वेगळंच. माझ्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा बरोबर स्लॉटच्या समोर येतो. तीन पंख्यांचं लांब कार्ड आलं असतं तर ते शोकेसमध्येच राहिलं असतं.

एसएसडीचं, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवणीचं, थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल तुम्ही स्वतःच मला फार आशा लावू दिली नाहीत. “फ्रेम वाढणार नाहीत,” म्हणालात, “वाट बघणं कमी होईल.” तसंच झालं. नवा परिसर लोड होताना जो गचका बसायचा तोही बराच गेला. पण ती बसवताना जे घडलं ते इथे यायलाच हवं. बोर्डवर एम.२ ची, म्हणजे एसएसडी आडवी खोचायची, जागा होती, एसएसडीचं टोक दाबून धरणारा स्क्रू मात्र नव्हता. मुगाच्या दाण्याहून लहान स्क्रू, आणि त्याच्यावाचून सगळं अडलेलं. मी चिकटपट्टी लावू का विचारलं. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंत की मी तो शब्द परत काढला नाही. मग तुमच्या कपाटातून ती पत्र्याची डबी बाहेर आली, वीस वर्षांतल्या मशीनमधून उरलेल्या स्क्रूंची. त्यातून तुम्ही बोटाच्या टोकाने तिसऱ्या प्रयत्नात बरोबर मापाचा काढलात.

आता माझ्या फजितीचं. कार्ड बसवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. रात्रीचे अकरा. कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. काळा. रॅम काढून बघितली. काळा. शेवटी तुम्हाला फोन केला आणि घामाघूम होत सगळी लक्षणं सांगितली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “मॉनिटरची वायर कुठे लावली आहेस?”

ताई, ती मदरबोर्डलाच होती. जुन्या जागी. कार्ड बिचारं खाली मोकळं तोंड घेऊन बसलं होतं.

तुम्ही हसला नाहीत. ‘होतं असं’ म्हणालात. हे पत्र लिहायचं मी खरं तर त्या क्षणी ठरवलं.

फॅनचं सांगायचं राहिलं. कार्ड आल्यावर आठवड्याभरात मशीन विमानासारखं ओरडायला लागलं आणि अर्ध्या तासाने फ्रेम खाली यायच्या. मला वाटलं कार्ड खराब. तुम्ही म्हणालात, झाकण उघडं ठेवून खेळ आणि तापमान लिही. उघड्या झाकणाने प्रोसेसर लक्षात येण्याइतका थंड राहिला. म्हणजे भाग चांगले, हवा आत येत नाही. पुढची जाळी काढली तर मागे धुळीची गोधडी. ती झटकली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नवी लावली आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. आवाज गेला. आणि हो, मॉनिटर ७५ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला होता, तोही त्याच दिवशी सापडला. चार वर्षं.

आज मशीन १०८० च्या रिझोल्यूशनला, मध्यम सेटिंगवर, माझे बहुतेक गेम ६० च्या आसपास चालवतं. सगळे नाही. नवे जड गेम सुरू केले की ६ जीबी भरतात आणि टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) कमी करावे लागतात. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र कार्डाकडून मोठं करून घ्यायची सोय) लावलं तरी प्रत्येक वेळी भागतंच असं नाही. परवा एका मित्राने माझ्या मशीनचा वेग पाहून स्वतःसाठी मोठं कार्ड निवडलं आणि मला दाखवायला आला. कार्ड छान होतं. मी त्याला विचारलं, एसएमपीएस किती वॅटचा आहे? तो म्हणाला, बघावं लागेल. आता रविवारी त्याचं झाकण उघडायचं आहे. पेचकस त्याच्या हातात देणार आहे, मी खुर्चीवर.

या मशीनमध्ये आता आणखी काही घालायचं नाही, हेही तुम्ही सांगून ठेवलंत. पुढचं एकेक भाग निवडून स्वतः जोडायचं, तेव्हा कार्ड आणि एसएसडी बरोबर नेता येतील, रॅम बहुधा इथेच राहील. ठीक आहे. वही तयार आहे, पहिल्या पानावर ‘वॅट’ लिहून ठेवलं आहे.

तुमची स्क्रूंची डबी अजून माझ्याकडेच आहे. एक स्क्रू तुमचा गेला, त्याबदली माझ्या मशीनमधले दोन जास्तीचे तीत टाकले आहेत. उद्या संध्याकाळी आणून देतो. आभार मानणार नाही, काळजी करू नका.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा