पित्त कुठलं, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला पित्तावरचा लेख काल दुपारी वाचला, संध्याकाळी पुन्हा वाचला. रात्री डोळा लागला नाही, म्हणून हे पत्र. 'जेवण झालं की मेंदू हुकूम सोडतो आणि पित्ताशयातून आम्ल पोटात उतरतं. ते वाढलं तर झोपताना पेलाभर थंड दूध घ्यावं.' दोन वाक्यांत तीन चुका आहेत, आणि त्यातली तिसरी मी माझ्या हाताने आमच्या ह्यांना आठ महिने पाजली आहे.

ह्यांचा भायखळ्याच्या भाजीबाजारात गाळा. पहाटे तीनला उठायचं, चहावर निघायचं, जेवायला दुपारचे अडीच. गेल्या वर्षी आषाढीला दिवसभर नुसत्या चहावर राहिले आणि रात्री साबुदाण्याचे वडे नि दाण्याची आमटी खाल्ली. मध्यरात्री उठून पाहते तर उजव्या बरगडीखाली मूठ दाबून बसलेले, कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जातेय. सगळे म्हणाले, पित्त झालं. गल्लीतल्या दवाखान्यात आम्लाच्या गोळ्या दिल्या. मी म्हशीचं थंड दूध दिलं, सायीसकट. तासाभराने कळ वाढली, तर मी आणखी अर्धा पेला दिला. पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी हेच. दवाखान्यात गोळी बदलली, पण पोटावर हात ठेवून कुणी पाहिलं नाही, सोनोग्राफी सांगितली नाही.

मार्चमध्ये डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी, उलट्या थांबेनात. टॅक्सीत घालून पालिकेच्या रुग्णालयात नेलं. पित्ताशयातला खडा घसरून नळीत अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. अकरा दिवस काढले तिथे. त्या अकरा दिवसांत नात्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'भाऊजी घेतात का?' स्वादुपिंडाला सूज म्हणजे दारू, एवढंच लोकांना माहीत. माझा नवरा माळकरी आहे. पित्ताचे खडे हेही त्या सुजेचं तितकंच मोठं कारण असतं, हे तुमच्या लेखात एका ओळीत आलं असतं तर कितीतरी घरांतली अशी कुजबुज थांबली असती.

तिथल्या निवासी डॉक्टर, नांदेडकडची मुलगी, रात्रीच्या ड्यूटीला आली होती. मी दुधाचं सांगितल्यावर ती खुर्ची ओढून बसली आणि केसपेपरच्या पाठीमागे निळ्या पेनाने चित्र काढलं. म्हणाली, 'काकू, आम्ल इथे होतं, जठरात. आणि खरं पित्त इथे, यकृतात. पित्ताशय ही फक्त साठवायची पिशवी, चाळीस-पन्नास मिलिलिटरची. मग पिशवीला पिळ म्हणून कोण सांगतं?' मी म्हटलं, मेंदू. तिने मान हलवली आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला एक टिंब काढलं. जेवणातला स्निग्धांश तिथे पोचला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात एक संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, सोडतात, कोलेसिस्टोकायनिन. ते रक्तातून फिरून येतं, पित्ताशय आवळतं, नळीच्या तोंडाची झडप सैल करतं, स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला लावतं, आणि वरून येणारं अन्न सावकाश येऊ दे म्हणून जठरालाही आवरतं. पिशवीत खडे असतील तर ती आवळली की खडा तोंडाशी जाऊन बसतो आणि कळ उठते. म्हणजे साय घातलेलं दूध पाजून मी त्या दुखऱ्या पिशवीला दर वेळी पुन्हा पिळायला लावत होते. ती असंही म्हणाली की दिवसदिवस पोट रिकामं असलं की पिशवी आवळली जात नाही, आतलं पित्त साचून घट्ट होतं, आणि खडे धरायला ते बरं नसतं. ह्यांचा पहाटे तीन ते दुपारी अडीचचा दिनक्रम माझ्या डोळ्यांपुढून गेला.

आम्लासाठी तरी दूध बरं का? तेही नाही. जठरात आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक वेगळं, गॅस्ट्रिन. प्रथिनं आली, जठर ताणलं गेलं की ते वाढतं, आणि दुधात प्रथिनं असतातच. घटकाभर गार वाटतं, मग आम्ल पुन्हा सुटतं.

मेंदूचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं, जठरही तयारीला लागतं, ते मज्जातंतूंमुळेच. पण सगळा कारभार त्यांचाच, ही समजूत १९०२ सालीच मोडली आहे. माझी सून परिचारिका आहे, तिने तिच्या पुस्तकातून मला वाचून दाखवलं. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि त्या भागात सौम्य आम्ल घातलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग आतड्याचं अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून शिरेत टोचलं, तेव्हाही रस सुटला. निरोप रक्तातून गेला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं आणि 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरला. जठरातून आलेलं आम्ल आतडं जाळू नये म्हणून हेच सिक्रेटिन स्वादुपिंडाकडून क्षारयुक्त पाणी सोडवून घेतं. हॉर्मोन हा शब्दच पोटाच्या अभ्यासातून आलेला आहे, आणि तुमच्या पानभर लेखात तो एकदाही नाही.

त्याच लेखात स्वादुपिंडाला एके ठिकाणी 'प्लीहा' छापलं आहे. प्लीहा म्हणजे पाणथरी. तो अवयव वेगळा, काम वेगळं. आपल्या भाषेत 'पित्त' या एका शब्दात आधीच दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत, आंबट ढेकर आणि यकृतातला हिरवा रस. आयुर्वेदातलं पित्त हा आणखी निराळा विचार, त्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण वर्तमानपत्राने तरी कुठलं पित्त ते सांगून लिहावं. लेखाला लागूनच 'जुनाट पित्त तीन दिवसांत मुळापासून' अशी चूर्णाची जाहिरात होती, तिचा मला लेखापेक्षा जास्त राग आला. उजव्या बरगडीखाली दुखणारा माणूस ते चूर्ण आणेल आणि सोनोग्राफीला आणखी महिनाभर जाणार नाही.

आणि ओघात निघालंच आहे म्हणून सांगते. जेनेरिक औषधांवरचं माझं मागचं पत्र तुम्ही छापलंत, पण शेवटचा परिच्छेद कापल्यामुळे मी त्या औषधांच्या विरोधात आहे असा अर्थ झाला. चाळीतल्या चार जणांनी मला त्याबद्दल विचारलं. हे पत्र लांब आहे, मला कळतं. कापायचं असेल तर आषाढीचा भाग कापा, दुधाचा ठेवा.

पुढच्या मंगळवारी त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. ह्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. आता यकृतातलं पित्त थेट आतड्यात उतरतं, हे थोडं थोडं जेवतात आणि पहाटे गाळ्यावर जाताना डब्यात दोन पोळ्या नेतात. डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीत सतरा खडे आहेत, मसुराएवढे, काळपट हिरवे. केसपेपरमागच्या त्या चित्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पलीकडचं नाव-गाव उमटलं होतं तेवढं खोडलं आहे, चित्र छापायला हरकत नाही.

आपली,
एक नियमित वाचक, लालबाग, मुंबई
(नाव छापू नये)