आई-बाबा, घराचा विमा काढलाय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा अर्ध्यातच "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई जेवलीस का विचारत बसते, म्हणून लिहितेय. आधी मुद्द्याचं सांगून टाकते. आपल्या चिपळूणच्या घराचा विमा मी काढलाय, पैसे भरून झालेत. बाबा, मागच्या रविवारी तुमच्याकडे ओटीपी मागितला ना, तो त्याचाच होता. न सांगता केलं हे चुकलंच माझं, पण विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात आणि मिरग तर तोंडावर आलाय. (आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही ओटीपी द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी.)

घराचं वाईट चिंतायचं कशाला, असं आई म्हणेल. आई, चिंतून काही होत नाही गं, वाशिष्ठी नदी न चिंतताच घरात आली होती दोन्ही वेळा. २६ जुलै २००५ ला मी नववीत होते, बाबा मला शेजारच्या जिन्यात वरती बसवून बॅटरीच्या उजेडात पायऱ्या मोजत होते, तिसरी बुडाली, चौथी बुडाली, आणि दर वेळी म्हणायचे "आता उतरेल बघ". मला खरंच वाटायचं की पाणी बाबांचं ऐकतं. आणि २२ जुलै २०२१ ला पहाटे शेवटचा फोन, "सहावी गेली", त्यानंतर स्विच ऑफ. मी पुण्यात खिडकीत बसून नुसती सात, आठ, नऊ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी पोचले तर तुम्ही दोघं चिखल ओढताय आणि आई म्हणाली, चहा कशात करू गं. तेवढंच. ते वाक्य अजून जात नाही माझ्या डोक्यातून.

त्यानंतर फ्रिज, गाद्या, पंप, आईची शिलाई मशीन, सगळं तुम्ही एकेक करून कसं उभं केलंत ते मला माहितीये. दादाचे पैसे परत पाठवलेत, माझे घेतले नाहीत, आणि पाटल्या गेल्या. आई, मी रागावले नाहीये, तुझ्याच होत्या त्या. पण विम्याचे पैसे कुणाचे उपकार म्हणून येत नाहीत, आपण हप्ता भरलाय आणि नुकसान झालं तर कंपनी ते देणं लागते. बाबांना कुणापुढे हात पसरायला नको असतं, म्हणूनच तर मी हे केलं. आणि हप्ता फार नाहीये, महिन्यावर भागला तर दोन-तीन दिवसांच्या दुधाएवढा पण नाही.

पॉलिसीचं नाव भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना ही ठेवायलाच लावलीये, मूळ शर्ती सगळीकडे त्याच, त्यामुळे एजंटने भलतंच काही गळ्यात मारलं असेल अशी काळजी नको. पूर, वादळ, वीज, आग, भूकंप, दरड हे सगळं त्यात आहे. समोरच्या काकांची पॉलिसी बँकेने कर्जापुरती काढलेली, तिच्यात फक्त बांधकाम होतं, घरातलं सामान नव्हतंच, ते त्यांना पाणी ओसरल्यावर कळलं. म्हणून मी सामानाचं दोनदा वाचून घेतलं. विम्यासाठी घराची रक्कम धरताना जागेचा भाव धरत नाहीत, परत बांधायला किती लागेल ते धरतात. आपलं हजार स्क्वेअर फूट, फुटाला दोन हजार, म्हणजे वीस लाख, आणि त्याच्या २० टक्के म्हणजे चार लाखांचं सामान आपोआप आत, यादी न देता. पाच वर्षांची एकदम घेतलीये आणि घराची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, दर वर्षी आठवण ठेवायची कटकट नाही. घरपट्टी बाबांच्या नावावर म्हणून पॉलिसीही बाबांच्याच नावावर.

तुमचं रोजचं काही बदलणार नाही, कुणी येऊन आईचं कपाट उघडणार नाही, ओटीवरचा बाबांचा झोपाळा आहे तिथेच. फक्त काय येत नाही तेही सांगते. रोख पैसे, कागदपत्रं, स्कूटर हे यात नाही. दागिन्यांचं वेगळं घ्यावं लागतं, ते मी घेतलेलं नाही, म्हणून उरलेलं आईचं सोनं याच आठवड्यात लॉकरला. स्कूटरला तुमचा नुसता थर्ड पार्टी विमा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, त्यात पुराचा रुपया मिळत नाही, रिन्यूला आला की मला सांगा. आणि मोरीमागच्या भिंतीची ओल जुनी आहे, जुन्या झिजेचे कुणी देत नाही, ती पावसाआधी करून घ्या, पैसे मी देतेय आणि या वेळी परत पाठवायचे नाहीत.

आता नीट वाचा. गणपतीत मी प्रत्येक खोलीचे फोटो काढत होते तेव्हा आई हसत होतीस, ते याच्यासाठीच होते, माझ्याकडे आणि दादाकडे दोन्हीकडे आहेत. टीव्ही-फ्रिजची बिलं डब्यात असतील तर मोबाईलवर फोटो पाठवा. देव करो आणि वेळ न येवो, पण पाणी आलंच तर ओसरल्यावर आधी फोटो, मग झाडू. मागच्या वेळी बाबांनी सगळं ट्रॉलीत टाकून दिलं आणि तलाठ्यांना पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नव्हतं. भिजलेल्या वस्तू अंगणात ठेवायच्या, कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. भिंतीवर पाण्याची रेघ राहते तिचाही फोटो. फ्रिज वाळला वाटला तरी बटण चालू करून बघायचं नाही. कंपनीला फोन त्याच दिवशी, तो मी करीन, तुम्ही फक्त क्लेम नंबर लिहून ठेवा. आणि त्यांनी टाळाटाळ केली तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, महिनाभरात सुटलं नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे, फी लागत नाही, मी स्वतः जाईन.

रागावू नका. बाबा, तुमचं बीपी या पत्राने वाढलं तर आई मला ओरडेल. आई, डोळ्यांचे ड्रॉप्स वेळेवर.

आणि बाबा, या वेळी पायऱ्या मोजत थांबायचं नाही. फ्रिज उचलून टेबलावर ठेवायचा नाही, राहू दे तो खाली. पहिली पायरी भिजली की आईचा हात धरून वर जायचं आणि मला फोन करायचा, रात्री कितीही वाजले असले तरी. मी पावसाळाभर फोन उशाशी ठेवून झोपते.

तुमची,
छकुली