बुधवारच्या मुलाखतीआधी

खोन केन, थायलंड
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आपले रोज बोलणे होते, तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आईच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे होईपर्यंत बाबांचा दुसरा प्रश्न येतो आणि दोघांचेही समाधान होत नाही. जपानच्या नोकरीविषयी मला एकदा सगळे सलग सांगायचे आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते, आणि इथल्या शाळेचे तर तुम्हाला सगळे पाठच आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही.

१९ तारखेला, बुधवारी, माझी व्हिडिओवर मुलाखत आहे. ज्या कंपनीने बोलावले आहे, ती जपानमधल्या सरकारी शाळांना इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक पुरवते. तिथे २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे आणि तिसरी-चौथीच्या मुलांना त्याची तोंडओळख करून देतात, त्यामुळे प्राथमिक शाळांतही असे शिक्षक लागतात. वर्ग जपानी शिक्षकांचाच असतो. साहाय्यकाने त्यांच्या सोबत उभे राहून उच्चार ऐकवायचे, खेळ घ्यायचे आणि मुलांना बोलते करायचे. तिथले शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि इथला माझा करार मार्चअखेर संपतो, म्हणजे निवड झालीच तर मध्ये रिकामे बसावे लागणार नाही.

बाबा, म्यानमारच्या बातम्या पाहिल्यापासून तुम्हाला झोप लागत नाही, असे आईने सांगितले. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून बोलावून, पुढे सीमेपलीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या आपल्या मुलांना २०२५ साली सरकारने विमानाने परत आणले, ते मीही वाचले आहे आणि वाचून माझाही जीव गलबलला आहे. पण या नोकरीत कुणी एजंट नाही, कुणी एक रुपयाही मागितलेला नाही, पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा नाही. निवड झाल्यावर कंपनी जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे माझ्यासाठी पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज करते, ते प्रमाणपत्र हाती आल्यावर मी व्हिसासाठी अर्ज करायचा, आणि मगच तिकीट काढायचे. ‘आधी टूरिस्ट व्हिसावर या, बाकी नंतर बघू’ असे कुणी म्हणाले असते, तर ती नोकरी मी दाराशीही उभी केली नसती. तुम्हीच मला प्रत्येक कागद दोनदा वाचायला शिकवले आहे, एवढे तरी लक्षात ठेवा.

मुलाखतीच्या वेळेबद्दल आईने विचारले होते, की आधी कळवलेली वेळ मी बदलून का मागितली. त्याचे कारण इथल्या एका रिवाजात आहे आणि तो नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. थायलंडमध्ये रोज सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लावतात. आपल्या महाराष्ट्रात चित्रपटगृहात राष्ट्रगीत लागले की सगळे उभे राहतात, पण ते एका सभागृहापुरते असते. इथे ते बसस्थानकावर, बागेत, सरकारी कचेरीत, शाळेत, सगळीकडे ध्वनिक्षेपकावरून लागते आणि ऐकू येईल तिथे माणसे जागच्या जागी थांबतात. तळ्याकाठी पळणारी माणसे पळता पळता उभी राहतात. भाजीवाली मिरच्या तोलत असेल तर तागडी खाली ठेवून हात बाजूला घेते, आणि गिऱ्हाईकही पैसे हातात तसेच धरून उभे राहते. गीत संपले की पुढच्या क्षणी सगळे जिथे सोडले होते तिथून सुरू होते, कुणी त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा काहीतरी अपघात झाला असावा, असे मला वाटले होते. थांबण्याची सक्ती वाटते का, असे बाबा विचारतील. मला तरी कधी वाटली नाही, मीही मनापासून उभी राहते. शाळेत मात्र तेवढ्यावर भागत नाही. झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होते, मग प्रार्थना, मग सूचना, आणि हे सगळे माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडच्या शाळेतून मोठ्या कर्ण्यावर साडेआठपर्यंत ऐकू येते. जपानची घड्याळे आमच्यापेक्षा दोन तास पुढे असतात, त्यामुळे त्यांनी दिलेली सकाळी दहाची वेळ म्हणजे इथले बरोबर आठ. म्हणून मी त्यांचे अकरा, म्हणजे इथले नऊ आणि तुमचे साडेसात मागून घेतले, आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. त्या वेळी कृपा करून फोन करू नका. आई, तुझी पूजा तेव्हाच चालू असते, हे मला फार बरे वाटले.

तयारी मन लावून चालली आहे. मुलाखतीत प्रश्नोत्तरांच्या आधी एक नमुना पाठ घ्यायचा असतो. समोर मुले नसतात, पडद्यावर एकच मुलाखतकार असतो, आणि वर्गात पस्तीस मुले बसली आहेत असे समजून शिकवायचे असते. मी तिसरीच्या मुलांना रंग आणि आवडनिवड शिकवणार आहे: ‘आय लाइक ब्लू’, आणि मग ‘डू यू लाइक ब्लू?’ ऐकायला हे फार सोपे वाटते, पण ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना इंग्रजीतच आणि एकाही लांब सूचनेशिवाय शिकवायचे, यातच सगळी परीक्षा आहे. ‘आता मी तुम्हाला एक चित्र दाखवणार आहे, ते नीट पाहा’ असे म्हणायचे नाही. चित्र उचलायचे, थांबायचे, स्वतः बोलायचे, मग कानाशी हात नेऊन मुलांच्या उत्तराची वाट पाहायची. रिकाम्या खोलीत ती वाट पाहणे सगळ्यात अवघड जाते, कारण उत्तर येत नसताना चेहऱ्यावर मात्र उत्तर ऐकल्याचा आनंद दिसला पाहिजे.

माझ्यासोबत काम करणारी फिलिपाइन्सची मैत्रीण रोज संध्याकाळी तिच्या खोलीतून कॉलवर येते आणि वर्ग होऊन बसते. तिच्यामुळे कळलेल्या गोष्टी मला एकटीला कळल्याच नसत्या. वर्गात वापरते ती लॅमिनेट केलेली चित्रे कॅमेऱ्यासमोर धरली की त्यांवर दिव्याची पांढरी तिरीप पडते आणि रंगच दिसत नाही, म्हणून मी साध्या कार्डशीटवर नवी चित्रे काढून रंगवली. कार्ड छातीशी न धरता गालाजवळ धरायचे, म्हणजे मुलाला चित्र आणि ओठ एकदमच दिसतात. बोटे कडेला ठेवायची, आणि कार्ड चटकन हलवायचे नाही, नाही तर पलीकडे ते पुसट दिसते. मला माझ्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसतात, पण समोरच्याला ती सुलटच दिसतात, याचीही तिच्याकडून खात्री करून घेतली. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवला आहे, उजेड समोरच्या खिडकीतून येतो, मागे कोरी भिंत आहे. नेट बंद पडलेच तर फोनचे जोडून ठेवलेले असेल. एसीच्या घरघरीने शब्दांची शेवटची व्यंजने हरवतात, म्हणून तेवढा वेळ तो बंद ठेवणार आहे. नोव्हेंबरात सकाळी हवा बरी असते. आईने दिलेला निळा ब्लेझर घालणार आहे.

प्रश्नांचीही उत्तरे लिहून काढली आहेत, पण पाठ केलेली नाहीत, कारण पाठ केलेले उत्तर व्हिडिओवर लगेच ओळखू येते. जपानी शिक्षकाने फळ्यावर चुकीचे इंग्रजी लिहिले तर काय कराल, हा प्रश्न बहुतेक वेळा येतो म्हणतात. मुलांसमोर काही बोलणार नाही, तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत हळूच सांगेन, आणि वर्गात तेच वाक्य बरोबर रूपात दोन-तीनदा म्हणून घेईन, असे मी सांगणार आहे. खेड्यात नेमणूक झाली तर चालेल का, हाही प्रश्न असतो. जिथे रेल्वे नाही तिथे गाडी चालवावी लागते, आणि भारतीय परवाना तिथे बदलून घेण्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. मी हो म्हणणार आहे. बाबा, तुम्ही सांगलीच्या रिंगरोडवर चिकाटीने गाडी शिकवली होती, ते वाया जाणार नाही.

एका गोष्टीचे मात्र मला मनापासून वाईट वाटते आणि ते तुमच्यापासून लपवत नाही. मातृभाषा इंग्रजी असलेलेच उमेदवार हवेत, अशा जाहिराती मी गेल्या काही महिन्यांत इतक्या वाचल्या, की आपला अर्ज कुणी उघडून तरी पाहील का, असे वाटू लागले होते. जपानचा नियम त्या मानाने न्याय्य आहे. भाषा शिकवण्याच्या या व्हिसासाठी बारा वर्षे त्याच भाषेच्या माध्यमातून शिक्षण झालेले असावे लागते, पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते त्यात येत नाही. तुम्ही ओढाताण करून इंग्रजी शाळेची फी भरलीत, त्यावर भावकीत किती बोलणी ऐकलीत, त्या प्रत्येक वर्षाचा आता कागदोपत्री हिशेब लागणार आहे. दूरच्या देशातून हे आठवताना डोळे भरून येतात.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. तिथे दुपारी शिक्षक मुलांबरोबर वर्गातच शाळेचे जेवण जेवतात. त्यात मासे किंवा मांस असते, म्हणून मी मुलाखतीतच विचारून घेणार आहे, की घरून डबा आणला तर चालेल का. भात तर सगळीकडे मिळतो, आणि मेतकूट मी मार्चमध्ये घरूनच घेऊन जाईन.

आता पैशांचे. अशा कामाला महिन्याला साधारण सव्वादोन ते अडीच लाख येन मिळतात, म्हणजे इथल्यापेक्षा पगार बराच जास्त आहे, पण खर्चही तसाच आहे. एप्रिलमध्ये रुजू झाले तरी पहिला पूर्ण पगार मेअखेरीस येतो, आणि घराची अनामत, पहिले भाडे, गादी-भांडी हे सगळे त्याआधी भरावे लागते. त्यामुळे मार्च, एप्रिल आणि मे असे तीन महिने घराच्या हप्त्यासाठी पैसे पाठवता येणार नाहीत. ताईशी मी बोलले आहे, ती तेवढे महिने सांभाळून घेईन म्हणाली. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही तीच धावून आली आणि आताही तीच, याचे मला किती वाटते ते मी तिला फोनवर नीट सांगू शकले नाही. जूनपासून मी हप्ता वाढवून पाठवीन. डोळ्यात थेंब घालायचे बाबांनी चुकवू नये.

तुळशीचे लग्न झाल्यापासून स्थळांचे फोन सुरू झाले आहेत, हे आईने सांगितले. कोल्हापूरच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. मुलाने फोनवर बोलायला हरकत नाही, पण पाहण्याचा कार्यक्रम मार्चअखेरच्या माझ्या सुट्टीतच ठेवा, आणि जपानची निवड झाली तर मी निदान एक वर्ष तिथे असेन, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. बैठकीत बसल्यावर सांगू नका. एप्रिलमध्ये मी कायमची परत येईन असे गृहीत धरून आईने वरची खोली रंगवून घेतली, हे मला ताईकडून कळले. त्या खोलीत मी मार्चमध्ये राहणारच आहे. निवड झाली नाही, तर ठरल्याप्रमाणे परत येईन, असा शब्द देते.

बाबा, एक काम तातडीचे आहे. पहिली ते दहावीच्या शाळेतून आणि अकरावी-बारावीच्या कॉलेजातून, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते, असा दाखला हवा आहे. त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकले ते लिहिलेले असावे, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का असावा, आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावात एक अक्षर जास्त पडले आहे, तेवढे पाहून घ्या. शिवाजी विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र माझ्या कपाटात वरच्या खणात, हिरव्या फायलीत आहे. सगळे स्कॅन करून रविवारपर्यंत पाठवा, मूळ कागद मात्र घरीच ठेवा.

आजीला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी