टोपी परत करा, साहेब : वनमंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : जप्त केलेली एक कातडी टोपी, एक मेलेला ससाणा आणि माझ्या मित्रावरची केस.

महोदय,

सादर नमस्कार. पत्रास कारण की, परवा आपल्या खात्याकडून मला एक कागद आला. 'जप्त मुद्देमाल' असा मथळा आणि खाली सहा ओळी. चामडी हातमोजा, एक. पितळी घुंगरू, दोन. सुती दोरी, अंदाजे तीस मीटर. वजनकाटा, एक. जुनी कातडी टोपी, एक. आणि शेवटची ओळ : 'ससाणा (मृत), नग एक.'

आपल्या कामाच्या व्यापात ही सहावी ओळ नजरेखालून गेली नसणार, म्हणून सविस्तर लिहितो.

जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावात मी पाण्याच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार खोलायची, करपलेली तार उपसायची, नवी भरायची. तीस वर्षं झाली. माझे आजोबा मात्र बाजदार, म्हणजे शिकारी ससाणे पाळून शिकवणारे होते, निजामाच्या राज्यात एका जागीरदाराच्या पदरी. १९४९ साली जागिरी गेल्या, जागीरदार हैदराबादेत जाऊन राहिला, आणि आजोबांकडे एक टोपी, एक मोजा आणि पक्षी हाताळायची विद्या एवढंच उरलं. टोपी आणि मोजा आपल्या खात्याच्या कपाटात आहे. विद्येचा पंचनामा करायचं राहून गेलं असावं.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी माझा एक मित्र उपरण्यात काहीतरी गुंडाळून दुकानात आला. तो फासेपारधी आहे. जात सांगायचं कारण पुढे कळेल. म्हणाला, "भाऊ, जीव हाय अजून." लग्गड ससाण्याची मादी होती. नायलॉन मांजा डाव्या पंखात इतका रुतला होता की सोडवायला नखं पुरेनात, मोटारीची तार कापायची कात्री घ्यावी लागली. हा मांजा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंद केलेला आहे. आमच्या बाजारात तो संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस तिळगुळाच्या शेजारीच मिळतो. फक्त मागताना आवाज थोडा खाली घ्यावा लागतो.

मी लगेच आपल्या खात्याच्या माणसांना फोन लावला. उत्तर मिळालं, "काका, आज गाडी नाही. ठेवा तुमच्याकडेच. तुम्हाला येतंच की."

तुम्हाला येतंच की! अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. माझ्याकडे दोनशेपानी वही आहे, त्यात ६४ पक्ष्यांची नोंद आहे. शिक्रे, घारी, घुबडं, आणि माळावर शिकार करणाऱ्या दोन भोवत्या. ४१ उडाले, १९ मेले, चार पुढे पाठवले. यातले अर्ध्याहून जास्त आपल्याच खात्याच्या लोकांनी आणून दिलेले. कधी मोटारसायकलवर, कधी पिशवीत. एकदाही पावती दिली नाही, मीही मागितली नाही. चूक माझीच.

त्या मादीचं वजन पहिल्या दिवशी ५८० ग्रॅम भरलं. लग्गडच्या मादीचं सातशेच्या वर हवं. गुरांच्या एका डॉक्टरांनी पाच टाके घातले, आणि 'माझं नाव कुठं घेऊ नका' म्हणाले. घेत नाही. तांब्याच्या तारेची रिळं ठेवतो त्या अंधाऱ्या खोलीत तिला ठेवलं. आणि आजोबांची टोपी घातली. साहेब, ही टोपी म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यांवर बसणारं बोटभर कातडं. ससाण्याला दिसलं की तो घाबरतो, घाबरला की धडपडतो, धडपडला की टाके उसवतात. डोळे झाकले की पाचव्या मिनिटाला मान सैल पडते. याला आपल्या कागदात 'शिकारीचे साहित्य' म्हटलंय.

शेपटीची तीन पिसं मोडली होती. मोडकं पीस शरीर टाकून देत नाही. ते झडून नवं येईपर्यंत महिने जातात, आणि तोवर पक्ष्याला वळताच येत नाही. मग पीस सांधायचं. पिसाची दांडी पोकळ असते. तिच्यात बांबूची सुईएवढी काडी तासून घालायची आणि दुसऱ्या टोकाला जुनं गळालेलं पीस बसवायचं, मूळच्या वळणाला वळण जुळवून. वळण केसाएवढं चुकलं तरी पक्षी हवेत एका बाजूला ओढला जातो. बिस्किटाच्या डब्यात मी अशी गळालेली पिसं जपून ठेवली होती (हे वाचून डबाही नेतील, नेऊ द्या). एका पिसाला पाऊण तास लागला. मित्रानं टॉर्च धरला होता. त्याचा हात हलला नाही, माझाच हलला.

तीन आठवड्यांनी वजन ७३० झालं. आता प्रश्न उडण्याचा. एवढे दिवस बसून राहिलेल्या पक्ष्याला तसंच सोडलं तर तो दमून चार दिवसांत मरतो. म्हणून पायाला लांब दोरी बांधून रोज थोडं थोडं उडवायचं, मांसाच्या तुकड्यावर हातावर बोलवायचं. पहिल्या दिवशी ती दहा पावलं आली. सातव्या दिवशी हरभऱ्याच्या वावरावरून अशी सरळ आली की घुंगरांचा आवाज आधी आला का ती आधी आली, कळलं नाही. त्या वेळी बांधावरून कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतं.

तो व्हिडिओ 'अवैध ससाणेबाजी' या नावानं जिल्हाभर फिरला. दुसऱ्या दिवशी गाडी आली. आधी नसलेली गाडी! मला खुर्ची दिली, चहा दिला, जबाब घेतला. माझ्या मित्राला त्याच्या पालावरून उचललं आणि दोन रात्री आत ठेवलं. पक्षी माझ्या घरात, टोपी माझी, दोरी माझी, व्हिडिओत मी. पण 'पकडला कोणी' या रकान्यात नाव त्याचं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसाला जन्मानंच गुन्हेगार ठरवायची रीत पाडली, ३१ ऑगस्ट १९५२ ला ती कागदोपत्री संपली. दरवर्षी त्या दिवशी भाषणं होतात. चौकीतल्या बाकड्यापर्यंत ती बातमी पोचायला अजून किती वर्षं लागतील?

खरं सांगायचं तर हा हिशेब जुनाच आहे. माझ्या आजोबांच्या वेळीही पक्षी पारधीच धरून आणायचा आणि जागीरदाराकडून शेला मिळायचा तो बाजदाराला. लग्गडच्या पापण्या दोऱ्यानं शिवून त्याला दुसरे ससाणे धरायला वापरायचे, हेही आजोबांनीच सांगितलं, मान खाली घालून. तेव्हा आमची परंपरा फार पवित्र होती असं मी म्हणणार नाही. म्हणणारे पुष्कळ आहेत.

त्यांचंही सांगतो, कारण आमच्यात फूट आहे आणि त्या फुटीत आपल्या खात्याला आयतं फावतं. हैदराबादेतले आमचे एक नातेवाईक म्हणतात, नुसता उपचाराचा नाही, शिकारीचाच हक्क मागा. युनेस्कोनं २०१० साली ससाणेपालनाला वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा अकरा देश होते, २०२१ ला चोवीस झाले. पाकिस्तान २०१६ पासून आहे, भारत नाही. अमिरातीत ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो. ते वाचून मला हेवा वाटला, लपवत नाही. माझ्या मित्राकडे अजून धड जातीचा दाखला नाही. पण बाराव्या शतकात आमच्या शेजारच्या कल्याणीच्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लासा'त ससाण्यांच्या खेळावर लिहिलं, म्हणून आज मी तितर मारावेत, हे काही मला पटत नाही. शहरातली काही पोरं तर हातावर शिक्रा बसवून काळा चष्मा लावून रील काढतात. पक्षी कुठून आला विचारलं की हसतात. त्यांच्यावर केस झाली असती तर मी पेढे वाटले असते.

आणि दुसरीकडे पक्षीमित्र. मोठ्या लेन्सचे. त्यांचा मंत्र एकच, रानातल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. बरोबर आहे. मांज्यात अडकलेल्याला काय लावायचं, ते मात्र सांगत नाहीत. व्हिडिओ व्हायरल करणारा त्यांच्यातलाच. त्यानं त्याआधी दोन वर्षं माझ्याकडच्या घुबडांचे फोटो काढून बक्षीस मिळवलंय.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मी तो नेटवरून काढून वाचला, दुकान बंद ठेवून. अनुसूची एकच्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतल्या पक्ष्यासाठी तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. कायदा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो नसता तर आज एकही ससाणा बघायला मिळाला नसता. पण त्याच कायद्यात खास कामासाठी परवाना द्यायची कलमंही आहेत. ती कोणासाठी आहेत? पीएचडीवाल्यांसाठीच का?

आमच्याकडे १९७२ म्हटलं की दुष्काळ. आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती, सुकडी खाऊन. त्याच साली अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली, कारण त्या औषधामुळे बहिरी ससाण्याची अंडी पातळ कवचाची होऊन फुटत होती, पूर्वेकडून तर तो पक्षीच नाहीसा झाला होता. आणि त्याला परत आणलं कोणी? टॉम केड नावाच्या प्राध्यापकानं. तो स्वतः ससाणे पाळणारा होता. १९७० साली संस्था काढली, देशभरच्या ससाणेवाल्यांना हाताशी धरलं, त्यांच्याच जुन्या युक्त्या वापरून पिल्लं वाढवली, सोडली. १९९९ ला तो पक्षी तिथल्या धोक्याच्या यादीतून बाहेर आला. तिथल्या सरकारनं त्यांच्यासोबत काम केलं. इथे मला बोलावलं ते जबाबाला.

जबाब द्यायला गेलो तेव्हा मादी कुठे आहे विचारलं. पाण्याच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात होती, जिन्याखाली. हवेसाठी पेनानं भोकं पाडली होती. उजेड यायचा तेवढ्या भोकांतून, आणि ती त्या उजेडावर झेप घ्यायची, रात्रंदिवस. सांधलेल्या तीन पिसांपैकी दोन भोकातून बाहेर आली होती. मी म्हणालो, टोपी घाला, ती कपाटातच आहे. उत्तर आलं, "मुद्देमालाला हात लावता येत नाही." चौथ्या दिवशी ती गेली. रानातला पक्षी ही सरकारची मालमत्ता, असं मला त्याच जबाबात ऐकवलं होतं.

आता आपल्या शब्दाबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात कार्यक्रम झाला. मंत्रिमहोदयांनी (खुर्चीत आपण होता की आपले पूर्वसुरी, आठवत नाही, हार तेवढेच होते) व्यासपीठावरून सांगितलं की सहा महिन्यांत इथे जखमी पक्ष्यांचं उपचार केंद्र होईल, आणि स्थानिक जाणकारांना त्यात मानधनावर घेऊ. माझ्याशी हात मिळवला. फोटो दुकानात लावलाय. गिऱ्हाईकं विचारतात, मी विषय बदलतो. नागपुरात असं केंद्र आहे. आमच्या इथून नागपूर चारशेपेक्षा जास्त किलोमीटर. ससाणा बरा असता तर स्वतःच उडत गेला असता.

रागात लिहितोय, पण रात्री दुकानात बसलो की समोरच्या रस्त्यानं वाळूचे हायवा जातात. एका रात्री मी मोजले, सतरा की अठरा, मध्ये चहा टाकायला उठलो होतो. गोदावरी रात्रीतून ट्रकमध्ये बसून निघून जाते आणि कोणाला एक व्हिडिओ काढायचं सुचत नाही. २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं ठरलं तेव्हा आमच्या गायरानातही खड्डे झाले. लग्गडला, भोवत्यांना उघडा माळ लागतो, गवत लागतं, गवतात सरडे नि उंदीर लागतात. माळाला आपल्या कागदांत पडीक म्हणतात. आमच्या मराठवाड्यालाही मुंबईत तेच म्हणत असतील.

तर मागणं. मित्राचं नाव त्या केसमधून काढा. ठेवायचंच असेल तर माझं एकट्याचं ठेवा. केंद्राचं आता बोलणार नाही. मोटार भरणाऱ्याला आणि पारध्याला जखमी पक्षी हाताळायचा साधा लेखी परवाना देता येतो का, एवढं बघा. दरवर्षी तपासा, वही दाखवतो. पुढच्या संक्रांतीला फोन येणारच आहे.

आणि टोपी परत करा.

आपला,
मोटारी भरणारा, गोदाकाठ

ता. क. : टोपी कोर्टाच्या निकालापर्यंत ठेवावी लागेल असं आपले लोक म्हणतात. तसं असेल तर महिन्यातून एकदा तिला आतून बोटानं एरंडेल लावायला सांगा. डाव्या बाजूला आजोबांनी एक टाका वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलाय, तिथे जास्त घासू नये. कातडं नव्वद वर्षांचं आहे, तडकतं.