स्वेटरवाल्यांच्या पोरीची स्कॉलरशिप

अटलांटा, ९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आपल्या डोक्यावर बँकेचं कर्ज, अन् त्या स्वेटरवाल्यांच्या पोरीले सगळं फुकट काहून?" तेव्हा ती माझ्या शेजारी बसून भात खात होती, आणि स्पीकर चालू होता. तिला मराठी कळतं, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. मी घाईघाईने फोन ठेवला. ती हसली अन् म्हणाली, "फुकट नाही व. वापस जा लागते."

ती आपल्या गोंदिया जिल्ह्यातली. अर्जुनी मोरगावकडे, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग म्हणून तिबेटी वसाहत आहे, १९७२ सालची. तिचे आजोबा तिथे जंगल साफ करून धान पेरणाऱ्यांतले. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत ती लहानपणी हरवली होती, ही गोष्ट तिने मला आतापर्यंत चारदा सांगितली आहे. तू पाठवलेला ठेचा ती थुक्प्यात, म्हणजे त्यांच्या शेवयांच्या सूपमध्ये, कालवून खाते. बरणी तिनेच संपवली.

आता स्कॉलरशिपचं. अमेरिकेच्या सरकारी पैशातून १९८८ पासून भारत-नेपाळमधल्या तिबेटी निर्वासितांना इथे मास्टर्स करता येतं. न्यूयॉर्कची तिबेट फंड ही संस्था आणि धरमशाळेतल्या तिबेटी प्रशासनाचं शिक्षण खातं मिळून हे बघतात. पण तिचा व्हिसाच असा, की शिकून झालं की आधी दोन वर्षं भारतात काढायची, मगच इथल्या नोकरीच्या व्हिसाचा विचार. मी कशी, "बघू, कुठे लागलं तर राहू" म्हणते, तसं तिला नाही. तीही फारशी कुरकुर करत नाही. सार्वजनिक आरोग्य शिकतेय, टीबीवर काम करायचंय. त्यांच्या शाळांच्या वसतिगृहांत टीबी फार. तिच्याच खोलीतल्या दोघींना झाला होता.

आणि बाबा, कागदांचं ऐका. माझा पासपोर्ट तीन आठवड्यांत घरी आला, पोलीसकाका चहा पिऊन गेले, संपलं. ती जन्मली गोंदियाच्या दवाखान्यात, तरी तिच्याकडे पासपोर्ट नाही. त्याऐवजी आयसी, म्हणजे ओळखपत्राची वही असते, भारत सरकारच देतं, पिवळ्या पुठ्ठ्याची. ती यायला महिनोन् महिने, वर देश सोडायला एक्झिट परमिट. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने ती पिवळी वही उलटीपालटी करून पाहिली आणि शेजारच्याला विचारलं, "ये क्या है?" पाऊण तास ती बाजूला उभी. मला मेली त्या दिवशी फक्त सामान जास्त भरल्याची काळजी होती.

तिच्या वडिलांना खरं तर भारतीय पासपोर्ट मिळू शकतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय. पण २०१७ मध्ये अटी आल्या: आरसी, म्हणजे निर्वासित म्हणून मिळालेलं नोंदणीपत्र, परत करा, वसाहतीतलं घर सोडा. ते म्हणतात, बापाने झाडं तोडून केलेलं घर सोडून कुठे जाऊ? मला त्यांचं पटतं. तिला मात्र पूर्ण पटत नाही, यावरून बापलेकीत फोनवर वाजतं. तिबेटीत भांडतात, शिव्या मराठीत.

आमच्या एमरी विद्यापीठाचं तिबेटी लोकांशी जुनं नातं आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात इथले प्राध्यापक भारतात जाऊन तिबेटी भिक्खूंना विज्ञान शिकवत आलेत, काही भिक्खू इथेही शिकायला येतात. त्यांची पुस्तकं इंग्रजी-तिबेटी अशी दोन्ही भाषांत आहेत. आपण सहज 'पेशी', 'गुणसूत्र' म्हणतो ना, तसे कितीतरी शब्द त्यांना बसून घडवावे लागले. लायब्ररीत ती एकदा भिक्खूंसोबत एका शब्दावर तासभर वाद घालत होती. मी कंटाळून समोसे आणायला गेले, परत आले तरी तेच.

तर आता काम. तिचे आई-बाबा यंदाही नागपूरला स्वेटरचं दुकान लावतायत, तुम्हाला नंबर व्हॉट्सॲपवर टाकते. लेक गेल्यापासून तिची आई नीट जेवत नाही म्हणे. तुम्ही दोघं रविवारी जाऊन या. दुकानात उभं राहूनच व्हिडिओ कॉल लावा, मी तिला समोर बसवते. बाबांना एक हाफ स्वेटर घ्या, निळा. आई, तिथे घासाघीस करू नकोस. आणि ठेचा पुन्हा पाठव, या वेळी दोन बरण्या.

तुमची,
लेक