ताई, तुम्ही आम्हाला मागायला शिकवलंत

प्रिय ताई,

हे पत्र फक्त तुम्हाला पण पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कारण तुम्ही जे काम करता ते कुणाला दिसतच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं शाळेत टिकावीत म्हणून काम करणाऱ्या तुमच्या संस्थेच्या अहवालात मुलांची संख्या असते, शिक्षकांचे फोटो असतात, देणगीदारांची यादी असते, पण जी बाई आमच्यासारख्या नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या साध्या लोकांना आपापल्या नातेवाईकांकडे आणि मित्रमैत्रिणींकडे पैसे मागायला तयार करते आणि मग अख्खा सीझन त्यांच्या पाठीशी उभी राहते, तिचा उल्लेख कुठेच नसतो.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर थेट कर्नाटकात कारखान्यावर जायचं, म्हातारी माणसं गावात मागे ठेवायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि पोरं. तिथे कोपीत म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे अंधारात फडात जायचं, आणि पोरगी जरा मोठी असली की धाकट्याला तिने सांभाळायचं किंवा उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला जायचं. मार्च-एप्रिलपर्यंत शाळा सुटली ती सुटलीच. माझे बाबा पाटोदा तालुक्यात झेडपीच्या शाळेत मास्तर होते, दिवाळीनंतर त्यांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच जास्त असायची, हे मी लहानपणापासून बघितलंय. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत पण ती सगळीकडे नाहीत आणि असतात तिथेही सगळीकडे वेळेवर सुरू होतात असं नाही, आणि मजुरांची टोळी काही कुणासाठी थांबत नाही. तुमची संस्था ज्या गावांमध्ये मुलांना ठेवून घेते, जेवण देते, शाळेत पाठवते, तिथे हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरमध्येच येऊन उभा राहतो आणि तेव्हाच पैसे हातात लागतात.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा येतो, तो मोठा असतो आणि त्याचं स्वागतच आहे. २०१४ पासून ठराविक मोठ्या कंपन्यांसाठी सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चाचा नियम आहे, त्यातून खूप चांगली कामं झाली आहेत. पण तो प्रोजेक्टला बांधलेला असतो, प्रस्ताव, कमिटी, मंजुरी, हप्ता असं सगळं असतं, आणि इकडे गॅस सिलेंडर आजच लागतो, एखाद्या मुलीचा ताप उतरत नाही म्हणून तिला रात्री तालुक्याला न्यायला गाडी आत्ताच लागते. त्या पैशासाठी माणसंच लागतात. माझं तर स्पष्ट मत झालंय की छोट्या संस्थेचा कणा म्हणजे हाच ओळखीतून आलेला पैसा.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही मला एक तयार मेसेज द्याल, मी तो सगळ्या ग्रुपवर टाकेन, झालं. तुम्ही मेसेज दिलाच नाहीत. म्हणालात, "अगं, आधी वही काढ आणि तुझा फोन कोण कोण उचलतं त्यांची नावं लिही. पैसेवाले कोण ते नको लिहूस, फोन उचलणारे लिही." एवढ्या एका वाक्याने माझी अख्खी यादी बदलली. पैसेवाले म्हटलं असतं तर ऑफिसमधले दोन साहेब आणि एक लांबचे काका यापुढे मी गेलेच नसते. फोन उचलणारे म्हटल्यावर शाळेतल्या मैत्रिणी आल्या, माझी आधीच्या कंपनीतली टीम आली, मुलाच्या क्लासमधल्या आया आल्या, मावसबहिणी आल्या, आणि आमच्या बाबांचे जुने विद्यार्थी आले, जे आज कुठे कुठे पोलिसात, बँकेत, शेतीत आहेत आणि ज्यांना ऊसतोड म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरजच नव्हती.

मग तुम्ही विचारलंत की यातल्या कुणाला तुझा शब्द मोडता येणार नाही? माझ्या हाताखाली काम करणाऱ्या दोघांची नावं निघाली. ती तुम्ही यादीतून काढायला लावलीत. म्हणालात त्यांना नाही म्हणायची सोय नाही, म्हणून त्यांना विचारायचंच नाही. ताई, पैशाची एवढी गरज असताना एखादी संस्था असं सांगते हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. तुमच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

पुढचं सगळं पण तुम्ही असंच बारीक बघितलंत. आधी तुझे स्वतःचे पैसे भर, मग दुसऱ्याला विचार. सुरुवात अगदी जवळच्या चार-पाच जणांपासून कर, म्हणजे पुढच्याला सांगताना "हे सुरू झालंय" असं सांगता येतं. ब्रॉडकास्ट नको, एकेकाला नावाने लिही (आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, हे पण मला तुमच्याकडूनच कळलं). "जमेल तेवढं द्या" असं लिहू नको, त्याने समोरचा माणूस विचारात पडतो, किती दिले तर बरं दिसेल, कमी दिले तर काय वाटेल, आणि त्या विचारात मेसेज खाली जातो. एका मुलीचा एका महिन्याचा जेवणाचा खर्च किती ते सांग, आणि अर्धा महिना दिला तरी चालेल असं पण सांग. एकदा विचार, एकदाच आठवण कर, बास. जो नाही म्हणेल त्याला लगेच आणि मनापासून उत्तर दे, कारण तो तुझा माणूस आहे, संस्थेच्या आधीपासून तुझा आहे.

माझा पहिला मेसेज तुम्ही फोनवर माझ्याकडून वाचून घेतलात. त्यात आकडेवारी होती, संस्थेची स्थापना होती, उद्दिष्टं होती. तुम्ही म्हणालात हे सगळं आमच्या पत्रकात आहे, तू का करतेयस ते यात कुठेय? मग बाबांच्या हजेरीपटाबद्दल मी चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींना लोकांनी उत्तरं दिली, काही जणांनी तर पैशाआधी बाबांची आठवण लिहून पाठवली, एकाने लिहिलं की मी पण त्या हजेरीपटावर गैरहजर होतो, सर घरी येऊन आजीला समजावून मला परत घेऊन गेले होते. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. बाबांनी हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

फोटोंबद्दल पण तुमचे आभार मानायचेत. लोक मुलांचे फोटो मागत होते, रडवेला चेहरा असला की पैसे पटकन येतात असं मला एकाने सरळ सांगितलं. तुम्ही एकही चेहरा दिला नाहीत. ती पोरं उद्या मोठी होतील, त्यांचा चेहरा आपल्या मागण्यासाठी वापरायचा नाही, असं म्हणालात आणि त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या भाकऱ्यांच्या थप्पीचा, भिंतीवरच्या वेळापत्रकाचा आणि दारात काढलेल्या चपलांच्या रांगेचा फोटो पाठवलात. तो चपलांचा फोटो मी जितक्या जणांना पाठवला तितक्या जणांनी त्याबद्दल काही ना काही विचारलं.

आता पावत्यांचं काम. हे कुणाला कळत नाही म्हणून जरा जास्तच सांगते. तुम्ही पहिल्या दिवशीच बजावलंत की पैसे तुझ्या अकाउंटवर घ्यायचे नाहीत, एक रुपया पण नाही, सगळे थेट संस्थेच्या क्यूआरवर. बरोबरच आहे, पण लोक यूपीआय करताना नोटमध्ये नाव लिहित नाहीत, पॅन देत नाहीत, नवऱ्याच्या फोनवरून पाठवतात, आणि मग बँकेत नुसते ५०१ आणि १००१ चे आकडे दिसतात. तुम्ही रोज संध्याकाळी मला यादी पाठवायचात की हे आज आलेत, यातले तुझे कोणते? आणि त्याच रात्री मी त्या माणसाला फोन करून थँक्यू म्हणायचे. लोकांना नवल वाटायचं की दुपारी पैसे टाकले आणि रात्री फोन आला. पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक नसेल तर दहा बीईचं, म्हणजे करसवलतीसाठी लागणारं देणगीचं सर्टिफिकेट देता येत नाही, संस्थेला ३१ मेच्या आत सगळ्या देणग्यांचा तपशील इन्कम टॅक्सला भरावा लागतो, त्यासाठी तुम्ही एकेका माणसाचा पाठपुरावा केलात आणि तो पण गोडीत. आणि करसवलतीचं जे खरं ते सांगायला लावलंत, की नवीन टॅक्स रेजीम घेतली असेल तर ८०जी ची म्हणजे देणगीवरची वजावट मिळणार नाही, रोख २००० च्या वर दिले तरी मिळणार नाही. मला वाटलं होतं हे सांगितलं की लोक मागे सरतील. ज्यांना द्यायचे होते त्यांनी दिलेच, उलट एक जण म्हणाला की आधी सांगितलंत ते बरं केलंत.

आणि अमेरिकेतल्या माझ्या आतेभावाचा विषय. त्याने तिकडची सिटिझनशिप घेतलेली, मनापासून मोठी रक्कम द्यायला तयार, आणि तुमच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी नोंदणी नाही. दुबईतली माझी मैत्रीण भारतीय पासपोर्टवर आहे, तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालले, पण भावाचे परदेशी देणगीत मोजले जातात. तो म्हणाला मी तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे, कुणाला कळतंय. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही क्षणभर पण थांबला नाहीत, नाही म्हणालात. तेव्हा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता, किराणा भरायचा होता, मला माहितीये तुम्हाला ती रक्कम किती हवी होती. मग तुम्हीच सुचवलंत की त्याला म्हणावं पैसे नको, ओळख दे. त्याने कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या त्याच्या जुन्या बॅचमधल्या, इथेच राहणाऱ्या मित्रांना माझं नाव सांगितलं, आणि त्यातले दोघे आज माझ्यासारखेच स्वतःच्या लोकांकडे मागतायत.

आपल्या या मागणाऱ्यांच्या गटात किती वेगवेगळी माणसं होती ना. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका, हडपसरच्या भिशीवाल्या काकू, ती होस्टेलवरची मुलगी. प्रत्येक जण पहिल्या मीटिंगला म्हणाला आमच्या कुठे एवढ्या ओळखी. काकू तर म्हणाल्या आमच्या भिशीतल्या बायका १०१ देतील फार तर, ते काय घ्यायचे. तेव्हा तुम्ही तळेगावचा पैसा फंड सांगितलात, अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव फिरून एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. काकूंनी पुढच्या भिशीत ती गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि त्या महिन्याला ज्या बाईचा नंबर लागला होता तिने भिशीतलेच काही पैसे काढून दिले. कंडक्टर काकांनी एकही मेसेज टाइप केला नाही, रोज सकाळी चहानंतर डेपोतल्या जुन्या लोकांना फोन लावत बसले. तुम्ही त्यांना व्हॉट्सअॅप शिकवायच्या मागे लागला नाहीत, ज्याला जे जमतं त्याने तसं मागावं म्हणालात. दानोत्सवाचा, म्हणजे देशभर दान साजरं करायचा आठवडा, २ ते ८ ऑक्टोबर, तुम्ही त्यासाठीच धरलात ना, टोळ्या निघायच्या आधी आणि लोकांची दिवाळीची खरेदी सुरू व्हायच्या आधी.

सगळ्यात जास्त आभार मात्र एप्रिलमधल्या पत्रासाठी. हंगाम संपल्यावर तुम्ही प्रत्येक देणगीदाराला, १०१ वाल्याला सुद्धा, पत्र पाठवलंत. किती मुलं राहिली, किती दिवस जेवण झालं, पैसे कशावर गेले. आणि हे पण लिहिलंत की काही मुलं मधूनच गेली, कुणाची आई कारखान्यावर आजारी पडली म्हणून बापाने मुलीला घेऊन जायला माणूस पाठवला, आम्ही थांबवू शकलो नाही. माझ्या भावजयीने ते पत्र वाचून मला फोन केला. ती म्हणाली, आजपर्यंत मी जिथे जिथे पैसे दिले तिथून फक्त पुढचे पैसे मागायला फोन आले, काय जमलं नाही हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. यंदा तिला मी विचारायच्या आधीच तिने विचारलं की कधी सुरू करतेयस.

माझ्या माणसांशी माझं नातं पैसे मागून बिघडेल ही भीती मला होती आणि ती अगदी खरी होती, कारण तसं बिघडलेलं मी पाहिलंय. तुमच्यामुळे ते बिघडलं नाही. कित्येकांशी वर्षानुवर्षं नुसते वाढदिवसाचे मेसेज चालले होते, त्यांच्याशी आता पोटभर बोलणं होतं.

ताई, तुम्ही आता दुसऱ्या तालुक्याचं काम बघणार आणि इथे नवीन मुलगा येणार असं कळलं. त्याला आम्ही सांभाळून घेऊ, काळजी करू नका, रोजची संध्याकाळची यादी मात्र त्याने चुकवू नये एवढं त्याला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल. आणि मी यंदा दोन नवीन जणींची जबाबदारी घेतलीये. एकीची वही भरली आहे, दुसरीने तिचा पहिला मेसेज काल पाठवला, खूप लांब आहे आणि त्यात ती स्वतः कुठेच नाहीये, रविवारी तिला घरी बोलावलंय.

खूप खूप आभार, मनापासून.

तुमची,
पुण्याहून, मास्तरांची मुलगी