पाचशे पेट्यांचे खिळे

पुणे, १२ जानेवारी

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लाकडी पेटीची आकृती मिळाली. पाचशे पेट्यांना किती किलो खिळे लागतील, हा तुझा प्रश्न. तळाला तीन पट्ट्या, दोन्ही अंगांना दोन-दोन, झाकणाला तीन, म्हणजे दहा पट्ट्या झाल्या. पट्टीच्या प्रत्येक टोकाला दोन खिळे धरले तर पेटीमागे ४० आणि पाचशे पेट्यांना २०,०००. इथवर गणित सोपं आहे. पुढे दुकानात गेल्यावर नुसतं 'इंची खिळे द्या' म्हणालास, की ते फसलंच म्हणून समज.

किलोत किती खिळे बसतात ते लांबीपेक्षा जाडीवर जास्त ठरतं. लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होतं, पण जाडी दुप्पट झाली तर चौपट. जाडी सांगतात गेजमध्ये, आणि गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा मोठा तितकी तार बारीक. १६ गेजची तार १.६३ मिमी, १५ची १.८३ आणि १७ची १.४२. हातात घेतलेस तर तिन्ही खिळे सारखेच वाटतील.

वजन काढायला सळईचंच सूत्र वापर. स्लॅबच्या कामावर सगळे व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरला किती किलो ते काढतात. खिळा म्हणजे लोखंडी तारेचा तुकडाच. व्यासाचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १६२. दोन्ही मापं मिमीत धरलीस की उत्तर ग्रॅममध्ये येतं. एक इंची १६ गेज: १.६३ चा वर्ग २.६५, गुणिले २५.४, भागिले १६२, म्हणजे साधारण ०.४१५ ग्रॅम. त्यावर डोक्याचं लोखंड चढतं आणि टोकाचं थोडं कमी होतं. इतक्या आखूड खिळ्याला पाचेक टक्के वाढ धर. खिळा ०.४३५ ग्रॅमचा झाला, किलोत २,३०० बसले. तुझे वीस हजार ८.७ किलोत येतील. वाकलेले, सांडलेले, बिनडोक्याचे असे आठ टक्के वर धर आणि साडेनऊ किलो घे. हात नवखे असतील तर दहा.

आता दुकानदाराने १५ गेज दिला, तर किलोत १,८०० च्या आसपासच बसतील. त्याच साडेनऊ किलोत जेमतेम चारशे पेट्या होतील आणि शंभर उघड्या राहतील, त्याही ऐन पीक तोडायच्या तोंडावर. १७ गेज मात्र किलोला तीन हजार भरतो. ते वाचून हुरळू नकोस. बारीक तार ओढायला मेहनत जास्त, म्हणून किलोचा दरही बहुधा चढा असतो. दर किलोवर ताडू नकोस, हजार खिळ्यांना किती पडले ते बघ. शिवाय १७ गेज ठोकताना कंबरेत वाकतो, विशेषतः बाजूच्या फळीच्या लाकडात गाठ असली तर. उलट १५ गेजने तुझी सहा मिमीची पट्टी टोकाशी चिरेल. म्हणून १६च घे. एक इंचातले सहा मिमी पट्टीत जाऊन १९ मिमी खालच्या लाकडात उतरतात, तेवढी पकड पुरते.

गेजच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नकोस. गेजच्या मोजपट्ट्या एकाहून जास्त आहेत. एकीत १२ गेज २.६४ मिमी आणि दुसरीत २.७७. दिसायला फरक किरकोळ, पण वजनात दहा टक्क्यांचा.

तेव्हा सूत्राने अंदाज बांध आणि मोजून तो पक्का कर. विकत घेण्याआधी अर्ध्या किलोचा नमुना आण. त्यातले शंभर खिळे मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेव, आधी वाटी ठेवून शून्य करायला विसरू नकोस. ४३-४४ ग्रॅम भरले तर माल १६ गेजचा. पन्नासच्या वर भरले तर जाड आहे, परत कर. वीस खिळ्यांवर हा हिशेब करू नकोस. वीस खिळे नऊ ग्रॅमचे आणि काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. अर्ध्या ग्रॅमची चूकही पाच-सहा टक्क्यांची होते. शंभरात ती एक टक्क्यावर येते.

मोठी गोणी घेणार असशील तर वरचे, मधले आणि तळाचे असे शंभर-शंभर तीनदा मोज. तळाशी तुकडे आणि कीस बसतो, त्याचंही वजन तू विकत घेत असतोस. तीन मोजण्यांत दोन ग्रॅमहून जास्त फरक पडला तर दोन गेज मिसळलेत. व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायची पट्टी, असेल तर खिळा मधोमध धर. डोक्याखाली आडव्या चऱ्या असतात, मशीनच्या जबड्याने तार पकडल्याच्या. तिथे माप चुकतं. टोकही बघ: चारी बाजूंनी साफ कापलेलं असावं. त्याला पत्र्यासारखा पापुद्रा चिकटलेला असेल तर साचा झिजलेला आहे आणि असा खिळा लाकडात तिरका जातो.

कारागिरांना मोजून खिळे देत बसू नकोस. पन्नास पेट्यांचे दोन हजार म्हणजे ८७० ग्रॅम. वर मुठभर टाकून डबा दे. शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जमिनीवरून फिरवलंस की सांडलेले परत मिळतील, पोरांचे पायही वाचतील. पट्टी तरीही चिरत असेल तर ठोकण्याआधी टोकावर हातोडीची हलकी टिचकी मार. बोथट टोक लाकडाचे धागे चिरडत आत जातं, अणकुचीदार टोक पाचरीसारखं फाकवतं. वीस हजारांना हे करणं वेडेपणा आहे, पण झाकणाच्या टोकाकडच्या खिळ्यांपुरतं कर.

गोठ्याच्या छपराला लागणारे तीन इंची खिळे यातच मागवू नकोस. त्यांचा १० गेज किलोत दोनशेच्या आत बसतो, ८ गेज सव्वाशेसुद्धा नाही. वासे किती जाड आहेत ते कळव, मग सांगतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नमुन्याचे शंभर किती भरले ते फोनवर सांग.

तुझा,
दत्ता